माग बंद पडल्यावर

“ह्ये रात्री झोपत न्हाईत,” बाई म्हणाली.

आणि माझा प्रश्न तिथंच लटकला ना. म्हणजे बघा, किती तयारीनं टाकला होता मी तो. आवाज खाली आणलेला, मध्ये मध्ये थांबलेली, सगळं शिकवल्यासारखं. समजा, आज रात्री तुम्ही दोघं झोपलात, आणि झोपेत असताना एक चमत्कार झाला, ज्या अडचणीसाठी इथं आलात ती अडचणच संपली. पण तुम्ही झोपेत, तुम्हाला काही माहीतच नाही. तर सकाळी उठल्यावर पहिलं काय बघून वाटेल, की अरे, काहीतरी बदललंय? प्रशिक्षणात आम्ही मुलींनी हा प्रश्न एकमेकींना इतक्यांदा विचारलेला की पाठच झाला होता. आणि समोरची बाई मला शांतपणे सांगते, नवरा रातपाळीला जातो, सकाळी उठत नाही, सकाळी घरी येतो.

मी तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

थांबा, नीट सांगते. इचलकरंजीतली गोष्ट आहे ही. मी नुकतीच एमएसडब्ल्यू झाले होते आणि तिथल्या एका समुपदेशन केंद्रात मला पहिली नोकरी लागली होती. केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा. आणि चारी बाजूंनी यंत्रमागाचे कारखाने. तुम्ही गेलाय का कधी त्या गल्ल्यांतून? खटखट खटखट खटखट, दिवसरात्र, टेबलावरचा पेन आपोआप सरकत सरकत कडेला येतो. त्यामुळे आमच्याकडे एक पद्धत होती. जोडप्यांना बोलवायची वेळ घड्याळावर नाही, लाईटवर ठरायची. ज्या दुपारी भागातली लाईट बंद, ती दुपार जोडप्यांची. तेव्हाच काय ते माणसाचं माणसाला ऐकू यायचं. त्या दिवशी आमच्या वैजयंती मॅडम पलीकडच्या खोलीत दुसरी केस घेऊन बसल्या होत्या आणि हे जोडपं माझ्याकडे दिलेलं. एकटीकडे, पहिल्यांदाच.

रावसो मुसळे आणि इंदुमती मुसळे. तो माग चालवायचा आणि ती त्याच कारखान्यात कांड्या भरायची. मागावर इकडून तिकडं पळतो त्या धोट्यात सुताची छोटी नळी बसते ना, ती कांडी. लग्न झाल्यापासून दोघं एकाच पत्र्याखाली कामाला. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी गेली. एकुलती एक. दहावीत होती, तापाचं निमित्त झालं. तेवढं मॅडमनी मला आधी सांगून ठेवलं होतं. मुलगी गेली आणि इंदुमती परत कारखान्यात गेलीच नाही, आणि रावसोनं मालकाकडून रातपाळी मागून घेतली. तो सकाळी येणार, जेवणार, झोपणार, संध्याकाळी जाणार. दारू नाही, मारहाण नाही, भांडणसुद्धा नाही. घरात दोन माणसं आणि शब्द नाही.

आणि त्या दिवशी आमच्या ओट्यासमोर टेंपो उभा होता. हौद्यात इंदुमतीची ट्रंक, एक गाठोडं आणि शिलाई मशीन. पुढं स्टिअरिंगवर तिचा भाऊ महिपती, जतवरनं आलेला. इथून उठून ती सरळ माहेरी जाणार होती, आणि परत यायचं नाही हे ठरवून. भावाचंच म्हणणं पडलं होतं की केंद्रात एकदा सांगून जाऊ, उद्या कुणी बोलायला नको. म्हणजे माझ्या हातात वेळ किती, तर लाईट येईपर्यंत.

मॅडमची शिकवण अशी की सल्ला द्यायचा नाही. दुखणं उकरत बसायचं नाही, कुणाचं चुकलं ते काढायचं नाही. बरं कधी चाललं होतं ते विचारायचं, बरं झालं तर कसं दिसेल ते विचारायचं, आणि मग गप बसायचं. “शांतता आली की तुला भीती वाटते, हर्षदा,” त्या मला म्हणायच्या, “आणि मग तू बडबडतेस.” हसू नका, तेव्हा मी आत्तापेक्षा जास्त बडबडायचे.

तर पहिला प्रश्न असा फसला म्हणून मी घाईघाईनं दुसऱ्यावर आले. पट्टीचा प्रश्न. शून्यापासून दहापर्यंत पट्टी धरा, शून्य म्हणजे आता एकत्र राहणं शक्यच नाही आणि दहा म्हणजे राहू, पक्की खात्री. आज तुम्ही कुठं आहात?

इंदुमतीनं पदर नीट केला. “एक,” म्हणाली.

रावसोनं तोंड उघडलंच नाही. खिडकीकडे बघत बघतच हात मांडीवरून थोडासा वर उचलला आणि दोन बोटं दाखवली.

“बगा,” ती मला म्हणाली. “हितं सुद्दा तोंडानं बोलणार न्हाईत.”

मी म्हटलं, त्यांना ऐकू तर आलं ना. तेव्हा तिनं सांगितलं की मागवाल्या सगळ्याच माणसांचं असतं तसं, कानानं कमी येतं, पण समोरच्याचे ओठ बरोबर वाचतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी प्रश्न विचारत होते तेवढा वेळ तो माझ्या ओठांकडे बघत होता आणि विचारून झालं की लगेच खिडकीकडे. बायकोकडे मात्र एकदाही नाही. ती बोलत असताना तर मुद्दाम नाही.

मी इंदुमतीला विचारलं, एक म्हणालात, शून्य का नाही? हे पण शिकवलेलंच. माणूस खालचा आकडा सांगतो तेव्हा त्याच्याही खाली का नाही ते विचारायचं, म्हणजे काय उरलंय ते कळतं.

ती बराच वेळ विचार करत होती. मी जीभ दाताखाली धरून बसले. मग म्हणाली, सकाळी कामावरनं येतात तेव्हा दाराची कडी वाजवून मग आत येतात. स्वतःला ती कडी ऐकू येत नाही. पण वाजवतात. घरात मी एकटी असते, दचकायला नको म्हणून.

“त्याचा एक,” म्हणाली.

रावसोनं हे ऐकलं नाही. तो बाहेर बघत होता ना. मला इतकं वाटलं की त्याला हलवून सांगावं, पण तसं करायचं नसतं. मी त्याला माझ्याकडे बघायला लावलं आणि पुढचा प्रश्न दोघांना मिळून विचारला. तुमचं बोलणं चांगलं व्हायचं असा काळ होता का? कधी, कुठं?

“कारखान्यात,” तो म्हणाला.

पहिला शब्द. आवाज मोठा होता त्याचा, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा.

मी चक्रावले. तिथं, त्या आवाजात? तर इंदुमती जवळजवळ हसली. म्हणाली, आवाजात तोंडानं कोण बोलतंय, ताई. आणि मग तिचे हात मांडीवरून उठले. मला एकेक करून दाखवायला लागली. दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली म्हणजे तार तुटली. अंगठा ओठाला लावला म्हणजे चहा आला. मिशीला पीळ दिला म्हणजे मालक आला, सरळ बसा. मनगट फिरवलं म्हणजे किती, किती कांड्या झाल्या, किती उरल्या. सगळ्या मागवाल्यांना येतं हे, कुणी शिकवत नाही. तो तिकडच्या टोकाला मागावर, ही इकडं कांडीवर, आणि अख्खा दिवस गप्पा चालायच्या. घरातली भांडणंसुद्धा तिथंच व्हायची, म्हणाली, बाकीची माणसं बघून हसायची.

आणि प्रत्येकाला नावाची खूण असते. बोलायचं कुणाबद्दल ते कळायला नको का? इंदुमतीची खूण चमकी, म्हणजे नाकाच्या कडेला बोट. रावसोची मानेवरून हात, कारण तो नवीन असताना गळ्यात सारखा रुमाल असायचा.

मी उत्साहात विचारून बसले, घरात अजून कुणाची?

विचारल्यावर कळलं मला मी काय विचारलंय ते. पण आता परत घेता येत नव्हतं. 

इंदुमतीचे हात मांडीवर परत गेले. थोड्या वेळानं ती हळूहळू सांगायला लागली, माझ्याकडे न बघता. पोरगी बारकी असताना कांडीच्या मशीनजवळ साडीची झोळी बांधलेली असायची. माग चालू असंल तोवर ती गाढ झोपायची. लाईट गेली, माग बंद पडले, सगळं एकदम शांत झालं की दचकून उठायची आणि रडायला लागायची. माग सुरू झाले की परत झोपायची. कारखान्यातली माणसं चेष्टा करायची, म्हणायची, हिच्या लग्नात बँड नको, चार माग आणून लावा. बोलायच्या आधी तिचे हात बोलायला लागले. घरी आई आणि बापाच्या मध्ये बसून ती हिचं त्याला, त्याचं हिला सांगायची. आई चुलीकडे तोंड करून काही बोलली की बापाला हात करून दाखवायची. बापानं हात केला की आईच्या पाठीला बोट लावायची, आई, बघ, बाबा काय म्हणत्यात.

एवढं सांगून ती थांबली. तिनं मुलीचं नाव घेतलं नाही. मला माहीत होतं नाव, तेजश्री. पण मीही घेतलं नाही. आणि दोन वर्षांत घरात ते कुणी घेतलं नसणार, हे मला तेव्हा का कोण जाणे पण लख्ख कळलं.

मी रावसोला मानेनं खुणावलं, त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं. आणि मी तो पहिला प्रश्न परत विचारला. रात्र काढून टाकली त्यातली. म्हटलं, समजा तुम्ही कामावरून आलात, जेवलात, झोपलात, आणि तुम्ही झोपलेले असताना चमत्कार झाला. दुपारी उठलात. पहिलं काय दिसेल?

तो लगेच बोलला. विचार करायला लागलाच नाही त्याला.

“ती असंल.”

हे प्रशिक्षणात झालं नव्हतं. तिथं आम्ही एकमेकींना उत्तरं द्यायचो ना, नवरा चहा करून देईल, सासू हसून बोलेल, असली उत्तरं.  वाटलं, संपलं, आपण एका बापाला काय विचारून बसलो. पलीकडच्या खोलीत जाऊन मॅडमना बोलवावं असं वाटलं, उठायला पण लागले होते मी. पण इंदुमती त्याच्याकडे बघत होती. मुलीबद्दल त्यानं तोंडानं काही म्हटलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मग मला मॅडमचं आठवलं, की उत्तर कितीही अशक्य असलं तरी ते हातातून काढून घ्यायचं नाही. होत नाही असं म्हणायचं नाही. त्याच्यातूनच पुढं विचारायचं, आणि तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी बघायला लावायचं.

मी विचारलं, “ती आहे. दारातून आत आली. तर तिला तुम्ही दोघं काय करताना दिसाल?”

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. ते हलायचे थांबले तरी बघत राहिला. मग खाली मान घातली. त्याचा हात मांडीवर उघडझाप करत होता नुसता. इंदुमतीनं पदर तोंडाला लावला. बाहेर महिपतीनं टेंपोचं दार उघडून आपटलं, म्हणजे आवरा आता. खोलीत इतकी शांतता की मला भिंतीवरच्या पालीचा आवाज आला. आणि मी बडबडले नाही. खरंच सांगते, एक शब्द बोलले नाही.

आणि लाईट आली.

आधी डोक्यावरचा पंखा गुरगुरला. मग समोरच्या कारखान्यात एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग पलीकडच्या गल्लीतले, आणि बघता बघता सगळी वस्ती खटखटायला लागली. मला रडूच यायला लागलं. वाटलं, पाच मिनिटं, अजून फक्त पाच मिनिटं नको होती का यायला. मी उठून खिडकी लावायला गेले. ती खिडकी लागायची नाही नीट, गजात बोट घालून ओढावी लागायची. ओढली, कडी घातली आणि वळले.

तर रावसो बायकोकडे बघत होता.

सरळ तोंडाकडे. खुर्ची अर्धी फिरवून. आणि त्याचे दोन्ही हात वर आले होते. आधी एक बोट त्यानं आपल्या नाकाच्या कडेला लावलं. म्हणजे तिला हाक मारली त्यानं, एवढं तर मलाही कळलं. मग हात चालायला लागले, भराभर. मला काही समजेना. ती पदर तोंडाला तसाच धरून बघत होती. मग तो थांबला. आणि अगदी सावकाश त्यानं उजवा तळहात गालाखाली घेतला आणि मान त्याच्यावर कलती केली. झोपलेल्या बाळासारखी.

ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते तिचं नाव होतं.

इंदुमतीच्या हातून पदर सुटला. आणि मग तिचे हात जे बोलायला लागले. रागानंच बोलत होते आधी, ते हवेत आपटत होते. तो मान हलवत होता, परत हात करत होता, ती त्याचे हात मध्येच तोडत होती. मध्ये मध्ये दोघंही तळहात गालाला लावत होते, आधी तो, मग ती, मग परत तो. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. माझा तिथं काहीच उपयोग नव्हता आणि मला जावंसं पण वाटत नव्हतं. दारात महिपती येऊन उभा राहिला, काहीतरी विचारत होता, ऐकू येत नव्हतं. त्यानं आत बघितलं आणि गप झाला.

बऱ्याच वेळानं इंदुमती उठून माझ्याजवळ आली. माझ्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं, कारण त्या आवाजात सांगायला दुसरा मार्गच नव्हता. म्हणाली, “माझ्या तोंडाकडं बगवत न्हाई म्हणत्यात. तिचं तोंड दिसतं म्हणून.” आणि मग अजून जवळ येऊन, “मला वाटलं, माझ्यावर राग हाय. तापात मी आदल्या दिवशी दवाखान्यात न्हेली न्हाई म्हणून.”

एवढंच. एवढ्यावर दोन वर्षं गेली होती. बघितलं नाही म्हणून बोलणं नाही, कारण त्याला बोलायला बघावंच लागायचं. आणि तो बघत नाही त्याचा अर्थ ती आपल्या मनानं लावत बसलेली.

आता तुम्हाला वाटेल, मग ती गेली नाही. तर गेली. भाऊ सकाळपासून आलेला, भावजयीनं तिकडं खोली आवरून ठेवलेली, आणि तिलाही जायचं होतं. दोन वर्षांचं असतं ते, एका दुपारी उतरत नाही. फक्त टेंपोजवळ गेल्यावर ती भावाला म्हणाली, मशीन ऱ्हाऊ दे. महिपती वैतागला. म्हणाला, आक्का, सकाळी दोघांनी मिळून चढवलंय त्ये, कंबर गेली माझी. ती म्हणाली, मग दोघांनी मिळून उतरवा. तेव्हा त्यानं दाजींकडे बघितलं, दाजींनी बाही सारली, आणि मेव्हण्या-दाजींनी मिळून ते शिलाई मशीन उतरवून आमच्या ओट्यावर ठेवलं.

भावानं पुढचं दार उघडलं. पण ती मागं हौद्यात चढली आणि ट्रंकेवर बसली, तोंड आमच्याकडे करून. महिपती म्हणत होता, पुढं बस की, ऊन लागंल. तिनं ऐकलंच नाही.

टेंपो निघाला. गल्ली लांबलचक आहे ती, दोन्ही बाजूंना माग, शब्द कानावर पडायचा प्रश्नच नाही. रावसो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तिकडून ती हात करत होती, इकडून तो. टेंपो लांब लांब जात होता आणि त्यांचं चालूच. कोपऱ्याजवळ पोचला तेव्हा रावसोनं हात एकदम उंच धरला आणि मनगट फिरवलं.

किती?

माझा प्रश्न होता तो. माझी पट्टी. लांबून तिनं हात वर केला. पण धुरळा होता, ऊन होतं, बोटं किती ते मला दिसलं नाही. टेंपो वळला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, म्हणजे त्याला ओठ दिसतील. विचारलं, किती म्हणाल्या?

तो अजून कोपऱ्याकडेच बघत होता. मग माझ्याकडे बघितलं आणि त्या मोठ्या आवाजात म्हणाला, “पाच दाखवली.” मग ओट्यावर गेला, मशीनवरची धूळ हातानं पुसली. “वाढवून सांगत्या ती. पहिल्यापासनं सवय हाय. रविवारी आणायला जातोय, तवा बगू.” आणि मशीनचं एक टोक धरून मला दुसरं धरायला खुणावलं.

“तुमी पट्टीवर तीनच धरा,” म्हणाला.